मु. पो. डावा कोपरा

साताऱ्यात पत्ता विचारल्यावर घरनंबर सांगणारा माणूस बाहेरगावचा समजावा. आमचा पत्ता असा: मोती चौकातून राजवाड्याकडं निघालं की डाव्या हाताला पिठाची गिरणी, गिरणीला लागून बोळ, बोळात शिरल्यावर जिथं कुत्रं अंगावर येईल त्याच्या समोरचं दार. ते कुत्रं दोन वर्षांपूर्वी वारलं. तेव्हापासून पाहुणे चुकतात. बोळाच्या तोंडाशी उभं राहून फोन करतात, "अहो, कुत्रं कुठं दिसत नाही." आम्ही सांगतो, "ते गेलं आता. पण तिथंच या."

घरातला कॉम्प्युटरही आम्ही ह्याच पद्धतीनं वापरत आलो. ब्राउझर, फोल्डर, टास्कबार ही नावं आईनं कधी तोंडात घेतली नाहीत. तिच्या लेखी भजनं 'वरून तिसरं, रंगीत चकली' ह्या ठिकाणी राहतात. बायकोच्या भिशीचा हिशोब 'कचऱ्याच्या डब्याच्या खाली, हिरवं'. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बारा वर्षं खपून टाइप केलेल्या वंशावळीचा मुक्काम 'डाव्या कोपऱ्यात खाली खिडकी, तिथून वर, दुसरं पिवळं पाकीट, आत सगळ्यात शेवटी'. हा नकाशा कुणी कागदावर काढला नव्हता. पण वीज गेल्यावर काळोखात मोरी सापडते, तसा तो सगळ्यांच्या हाताला ठाऊक होता.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर बातमी आली, की १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. ती मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली, ही माझी पहिली चूक.

"म्हणजे मशीन बंद पडणार?" अण्णांनी विचारलं.

"चालणार. फक्त त्याची राखण बंद."

"वॉचमन काढला म्हण की."

"तसंच काहीसं."

"आपल्या आळीतल्या गुरख्याला काढून सहा वर्षं झाली. कुणाचं काय गेलं?"

"तुमची सायकल गेली," आई म्हणाली.

"ती गुरखा असतानाच गेली."

मी पुढं वाचलं. ज्यांना घाई नाही त्यांना आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय होती. तीस डॉलर भरा, नाहीतर कंपनीकडं साठलेले हजार बक्षीसगुण वळते करा, नाहीतर आपल्या सेटिंग्जची प्रत त्यांच्याकडं ठेवायला द्या. अण्णांचे डोळे एकदम तेजाळले. "मुदतवाढ मिळतीय? मग घेऊन टाक. मुदतवाढ मिळत असताना काम पुरं केल्याचं एकही उदाहरण मला माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत आठवत नाही." हा सल्ला मी मानायला हवा होता. पण पुण्याचा पुतण्या दिवाळीला येणार होता आणि तो कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असा माणूस घरात चार दिवस असताना मुदतवाढ घेणं म्हणजे आचारी दारात उभा असताना खिचडी टाकण्यासारखं.

खरं तर ह्या दहाबद्दल अण्णांच्या मनात पहिल्यापासून अढी होती. आठनंतर एकदम दहा आलं. "नऊ कुठं आहे?" असं त्यांनी २०१५ सालीच मला विचारलं होतं. जावक रजिस्टरात एक नंबर सुटला तर साहेब लेखी खुलासा मागायचे, आणि इथं आख्खा नऊ गहाळ. मी इकडून तिकडून ऐकलेली दोन-तीन कारणं सांगितली. त्यांनी एकही ग्राह्य धरलं नाही. त्याच साली कंपनीच्या एका माणसानं जाहीर परिषदेत सांगितलं होतं, की दहा ही विंडोजची शेवटची आवृत्ती. ५ ऑक्टोबर २०२१ ला अकरा आलं. "स्टँडवर असंच करतात," अण्णा म्हणाले. "शेवटची गाडी, शेवटची गाडी म्हणून माणसं कोंबतात, आणि ती पोवई नाक्यापर्यंत जाते न जाते तोच मागून दुसरी रिकामी येते."

अकरा बसवण्याआधी आपलं मशीन त्या योग्यतेचं आहे का हे तपासायचं असतं. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो चालवला. अटी वाचताना मला पत्रिका जुळवायला बसल्यासारखं वाटलं: मेमरी किमान चार जीबी, जागा किमान चौसष्ट जीबी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. पिढी हा शब्द ऐकून अण्णा आतल्या खोलीतून बाहेर आले. "आठ पिढ्या? आपल्याला सातच सापडल्यात. आठव्यासाठी त्र्यंबकेश्वरला जाऊन उपाध्यायांच्या वह्या बघाव्या लागतील." मी म्हटलं, अण्णा, ह्या मशीनच्या पिढ्या, आपल्या नव्हेत. हे मशीन २०१८ मधलं, बरोब्बर आठव्या पिढीचं, काठावर पास. "आपल्यापेक्षा एकानं पुढं," असं म्हणून ते परत आत गेले, पण चेहरा पडलेला होता.

इतकं सगळं जुळूनही निकाल लागला तो लाल. कारण एकच: टीपीएम २.० नाही. टीपीएम म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल. मशीनच्या किल्ल्या आणि गुपितं सांभाळणारा एक चिमुकला कारकून. हे मशीन खरंच तेच आहे, मधे कुणी काही फिरवाफिरव केलेली नाही, असा दाखला तो देतो. दहाला हा दाखला असला काय नि नसला काय, चालायचं. अकराला तो सक्तीचा. माणूस सात वर्षं घरात राहतोय, जेवतोय, भाडं भरतोय, आणि एके दिवशी त्याच्याकडं रहिवासी दाखला मागावा, तसं झालं.

मी आमच्या नेहमीच्या दुकानदाराला फोन केला. त्यानं मशीन न बघता, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत निदान केलं. "साहेब, बोर्डच बदलावा लागंल. त्यापरीस नवीनच घ्या. दिवाळी ऑफर चालू आहे." आमच्याकडं मिक्सरपासून गुडघ्यापर्यंत सगळ्या बिघाडांवर हल्ली हाच इलाज निघतो.

पुतण्या आला, चकलीचा तुकडा तोंडात टाकून त्यानं पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "काका, दाखला आहे. फक्त कपाट बंद आहे." आठव्या पिढीच्या प्रोसेसरात ही सोय आतच असते, निराळी चिप लागत नाही. मात्र पुष्कळ बोर्डांवर ती बंद ठेवूनच मशीन विकलं जायचं. ती उघडायची तर विंडोज सुरू व्हायच्या आधीच बायोसमध्ये शिरावं लागतं, आणि तिथं तिचं नाव टीपीएम नसून पीटीटी असतं. सरकारी कचेरीत ज्या खिडकीवर जे लिहिलेलं असतं ते काम तिथं होत नाही, हा नियम फक्त आपल्याकडचा नाही तर.

बायोसमध्ये शिरायची वेळ एखाद-दोन सेकंदांची. पुतण्यानं मला कीबोर्डावर बसवलं आणि स्वतः बटण दाबलं. "काका, आता डिलीट दाबा. दाबत राहा! सोडू नका! डिलीट, डिलीट, डिलीट!"

आतून ताट पडल्याचा आवाज आला. अण्णा दारात उभे होते, एका हातात धोतराचा सोगा. "अरे, थांबा! त्यात आपले पणजोबा आहेत!"

माझं बोट उचललं गेलं. ती वेळ हुकली. दुसऱ्या खेपेला आईनं अण्णांना देवळात नेलं तेव्हा काम झालं.

पीटीटी चालू झालं आणि निकाल हिरवा आला, तेव्हाच मी हात जोडून गप्प बसलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. दहावर अकरा चढवायचं, फायली जागच्या जागी राहतात, झालं. पण पुतण्याचं मत पडलं, की जुन्या भिंतीवर नुसता रंग मारू नये. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकावी आणि तिच्यावर कोरं विंडोज बसवावं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि वरून सुई धावते; एसएसडीत फिरतं असं काही नसतं, म्हणून जुनं मशीनही उड्या मारायला लागतं. हे अगदी खरं आहे, आणि ज्यांचं मशीन चालू होईस्तोवर चहा होतो त्यांनी अकरा-बाराच्या भानगडीत पडण्याआधी एवढं एकच करावं असं माझं आता ठाम मत झालंय. पण कोरं म्हणजे किती कोरं, हे मी विचारलं नाही. ही दुसरी चूक.

कोरं विंडोज बसवायला किमान आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि त्याच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. घरात एकच निघाला. त्यात बहिणीच्या मुलाच्या मुंजीचे फोटो होते. ते उतरवून घेता घेता सगळं घर भोवती जमलं, आणि 'ह्या आता नाहीत', 'ह्यांच्याशी आता बोलणं नाही', 'ही साडी कुणी दिली होती गं' ह्यात पाऊण तास गेला. त्या बटूचं आता लग्न ठरलंय.

मग मांडणी सुरू झाली. पडद्यावर देश विचारला, सांगितला. कीबोर्ड विचारला, सांगितला. आणखी एखादा कीबोर्ड हवा का, असंही विचारलं. दुसऱ्यांदा वाढायला आलेल्या माणसाला नाही म्हणायचा संकोच वाटून मी मराठी घेतला. मग खातं, खात्याचा पासवर्ड, आणि शेवटी पिन. पुतण्या म्हणाला, सगळ्यांच्या लक्षात राहील असा पिन सांगा. जन्मसाल नको, लग्नाची तारीख नको, कारण ती माझ्या लक्षात राहत नाही हे बायकोनं सर्वांसमक्ष सांगितलं.

"पिन?" अण्णा म्हणाले. "चार, एक, पाच, शून्य, शून्य, एक."

हा साताऱ्याचा पोस्टाचा पिनकोड. १९७२ च्या १५ ऑगस्टला पोस्टानं पिनकोड आणले, तेव्हापासून अण्णांच्या लेखी पिन म्हणजे हाच. यंत्रानंही तो मुकाट्यानं घेतला. आता तो इथं लिहिला गेल्यामुळं बदलावा लागणार, हे लिहिताना लक्षात येतंय.

सकाळी घर उठलं आणि कॉम्प्युटरपुढं जमलं. पडदा लख्ख होता. इतका लख्ख, की त्यावर एका कचऱ्याच्या डब्याखेरीज जवळपास काहीच नव्हतं. मधोमध एक निळं, घड्याघड्यांचं काहीतरी पसरलेलं. कंपनीच्या मते ते उमललेलं फूल असावं. आई म्हणाली, "ही साडी अशी चुरगाळून कुणी टाकली?"

अण्णांना आपला हिरवा डोंगर हवा होता. हा डोंगर आमच्या घरात २००४ साली विंडोज एक्सपीबरोबर आला आणि नंतरच्या प्रत्येक मशीनवर अण्णांनी तो हट्टानं लावून घेतला, कारण तो ठोसेघरच्या रस्त्यावरचा आहे असा त्यांचा समज. वळण त्यांनी सांगितलंय, बसायची शिळाही सांगितलीय. एकदा मी धीर करून म्हटलं, अण्णा, तो फोटो अमेरिकेतला, कॅलिफोर्नियातल्या सोनोमा कौंटीतला. चार्ल्स ओ'रियर नावाच्या फोटोग्राफरनं १९९६ साली मैत्रिणीला भेटायला जाता जाता गाडी थांबवून काढलेला. एरवी त्या टेकडीवर द्राक्षाचे वेल असायचे; कीड लागून ते काढून टाकले होते, म्हणून तेवढ्यापुरतं गवत उगवलं आणि जगाला हिरवा डोंगर मिळाला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "द्राक्षं असतील तर मग तासगावकडचा," ते म्हणाले. एवढीच सुधारणा त्यांनी मान्य केली.

पण डोंगराचं नंतर बघू. आधी 'वरून तिसरं' नव्हतं, कारण वरून पहिलंच नव्हतं. भिशी कचऱ्याच्या डब्याखाली नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डावा कोपरा रिकामा होता. तिथं ढग, सूर्य आणि आजचं तापमान येऊन बसलं होतं. स्टार्टचं बटण सरकून मधे गेलं होतं. हे बटण २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बरोबर आलं आणि डाव्या कोपऱ्यात राहिलं. मधे २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते काढूनच टाकलं होतं. लोकांनी एवढा गिल्ला केला, की पुढच्याच वर्षी परत आणावं लागलं, आणि आणलं तेही त्याच कोपऱ्यात. एवढी वहिवाट असलेला माणूस अकरामध्ये चौकात येऊन उभा राहिला.

पोवई नाक्यावर जमिनीखालून रस्ते काढले तेव्हा असंच झालं होतं. जन्म साताऱ्यात गेलेली माणसं स्कूटर घेऊन आत शिरायची आणि भलत्याच रस्त्याला वर यायची. वर आल्यावर थोडा वेळ तिथंच काहीतरी काम असल्यासारखं दाखवायची. अण्णा त्या सकाळी ढगावर क्लिक करून पाच मिनिटं हवामान वाचत बसले, ते ह्याच चालीवर.

आईची चकली आणि बायकोची भिशी तासाभरात सापडली, म्हणजे जुन्या डिस्कवरून आणून जुन्या जागी बसवली. राइट क्लिक केल्यावर ओळखीची यादी येईना, तेव्हा पुतण्यानं तळाशी असलेलं 'शो मोअर ऑप्शन्स' दाखवलं. त्याच्या मागं जुना मेनू जसाच्या तसा बसलेला होता, माळ्यावरच्या तांब्याच्या बंबासारखा. प्रिंटरविषयी मी काही लिहिणार नाही. तो अजून आमच्याशी बोलत नाही.

मग अण्णांनी वंशावळ उघडली.

पहिल्या पानावर, मूळ पुरुषाच्या जागी, एक कंस, टक्क्याचं चिन्ह आणि डॉलर होता. त्याच्या तीन मुलांच्या जागी इंग्रजी मुळाक्षरं, काही थोरली, काही धाकटी. खाली सात पिढ्या अशाच. गोत्राच्या जागी उद्गारचिन्ह.

आमच्या पिढीनं मराठी टाइप केलं ते ज्या फॉन्टांत, त्यांची गंमत अशी, की आत सगळी इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. 'क' दिसतो तिथं खरं एखादं इंग्रजी अक्षर दडलेलं असतं. युनिकोड आल्यावर देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ही सोंगं संपली. विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट सोबत यायला लागला, आणि २०१९ पासून तर विंडोज १० मध्येच मराठी उच्चारानुसार टाइप करायचा कीबोर्ड आला. पण अण्णांनी जुनी वाट सोडली नाही. आणि कोऱ्या मशीनवर त्यांचा तो फॉन्टच नव्हता. मुखवटे उतरले, आणि आमचं अख्खं घराणं रंगपटात बसल्यासारखं उघडं पडलं.

अण्णा पडद्याकडं पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग टक्क्याच्या चिन्हावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "हे आपले मूळ पुरुष. दुष्काळात गाव सोडून आले ते." त्यांना ती जागाही पाठ होती.

पुतण्याला ह्या प्रकाराचा गंध नव्हता. तो युनिकोडनंतर जन्मलेला. पण मला ठाऊक होतं. जुनी डिस्क अजून फेकली नव्हती. तिच्यातल्या विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्सचं फोल्डर, त्यात ती एक फाइल. ती इकडं आणून बसवली, वंशावळ बंद करून परत उघडली, आणि डॉलर, टक्के, उद्गारचिन्हं सगळी भराभर धोतरं नेसून उभी राहिली. अण्णांनी सातही पिढ्या मोजल्या. सात भरल्या. ह्या सबंध चार दिवसांत माझा म्हणून एवढाच पराक्रम.

दुपारी अण्णांनी डायरीचं एक पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सूचना. स्टार्ट यापुढे खाली मध्यभागी आहे.' खाली बाण, सही आणि तारीख. मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर, बाण बरोबर बटणावर येईल असं ते पान त्यांनी चिकटपट्टीनं लावलं. दोन दिवसांत घर त्या सूचनेला रुळलं.

भाऊबीजेच्या रात्री मला शोध लागला, की स्टार्ट परत डावीकडं नेता येतं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, तिथं अलाइनमेंट: सेंटर खोडून लेफ्ट. सगळे झोपल्यावर मी ते करून ठेवलं. सकाळी अण्णांना आश्चर्याचा धक्का द्यावा, एवढाच हेतू.

सकाळी अण्णा बाणाच्या टोकावर क्लिक करत होते. "बिघडलं रे हे."

"अण्णा, पूर्वीच्या जागी आणलंय. डाव्या कोपऱ्यात. तुमच्यासाठी."

त्यांनी कोपऱ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं पाहिलं. "पण हे लेखी आहे."

"तुम्हीच लिहिलंय ना?"

"म्हणून काय झालं? एकदा आदेश निघाला की तो पाळायचा. तुला जागा बदलायची होती तर आधी तसं काढायचं. असं रात्रीत, तोंडी चालत नाही."

मी पहिला कागद काढायला गेलो तर त्यांनी हात धरला. मूळ आदेश जोडलेला लागतो. त्यांनी दुसरं पान फाडलं. 'शुद्धिपत्रक. मूळ सूचनेत "मध्यभागी" ऐवजी "डाव्या कोपऱ्यात" असे वाचावे.' सही. तारीख. पण लावायचं कुठं? खालच्या पट्टीवर मधे मूळ सूचना, उजवीकडं चालू-बंदचं बटण, आणि डावीकडं आईनं चिकटवलेला गजानन महाराजांचा स्टिकर. त्याला झाकणं शक्य नव्हतं. तेव्हा अण्णांनी शुद्धिपत्रक स्टिकरच्या वरच्या अंगाला, थेट काचेवर लावलं. चिकटपट्टी फक्त वरच्या कडेला, पान खाली लोंबतं.

थोड्या वेळानं आई भजनं लावायला आली. "अहो, ह्यात खिडकी दिसत नाही."

"आहे की," अण्णा आतून म्हणाले. "महाराजांच्या डोक्यावर कागद लोंबतोय ना? तो उचलायचा. त्याच्या मागं."